सात बदकं आणि मूठभर मूग

बदक हा शाकाहारी प्राणी आहे, असं मला वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षापर्यंत वाटत होतं. यात माझा काही दोष आहे असं मला आजही वाटत नाही. बालवाडीच्या भिंतीवर रंगवलेलं बदक निळ्या पाण्यावर नुसतं पोहत असतं, त्याच्या चोचीत काही नसतं. अंघोळीच्या बादलीतलं प्लास्टिकचं बदक तर जन्मभर निर्जळीच करतं. आमच्या जुन्नर तालुक्यात उसातून बिबट्या बाहेर आला की तो काय खायला निघालाय हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण ज्याला दात नाहीत, नखं नाहीत, आणि चार पावलं चालताना ज्याची स्वतःचीच त्रेधा उडते, तो प्राणी कुणाचा जीव घेत असेल असं कुणाच्या मनात येईल?

आईच्याही मनात आलं नाही. आम्ही तिला बाई म्हणतो. आमच्या मारवाडी जैन घरांत आईला बाई म्हणायची पद्धत आहे. गावाला ती जतनबाई म्हणून ठाऊक आहे.

जूनच्या शेवटी संगमनेरहून मावशीला भेटून आम्ही दोघं परत येत होतो. आळेफाट्याला एका हॉटेलासमोर ट्रकांच्या गर्दीत गाडी अडकली आणि नेमकी बाईच्या खिडकीसमोर एक जाळी आली. जाळीत सात बदकं होती. वर पाटी होती, तिच्यावर काय लिहिलं होतं ते मी इथं लिहीत नाही. बाईनं ती वाचली आणि म्हणाली, "जिनेश, गाडी बाजूला घे."

मी गाडी बाजूला घेतली. हॉटेलवाल्यानं विचारलं, "दोन साफ करून देऊ का पावणं? दहा मिनटात व्हतंय." बाईनं कानांवर हात ठेवले आणि सातच्या सात सोडवून आणायला सांगितलं. मरणाच्या दारातल्या जिवाला सोडवणं याला आमच्यात अभयदान म्हणतात. सगळ्या दानांत ते मोठं. मी ते दान खिशातून काढून दिलं आणि सातही जीव मागच्या सीटवर बाईशेजारी बसले. नारायणगावपर्यंत बाईनं त्यांना तीनदा नवकार मंत्र ऐकवला. त्यांनीही शांतपणे ऐकला. नारायणगावच्या पुढं त्यातला एक माझ्या मांडीवर येऊन बसला आणि पुढची सगळी वाट मी क्लच जरा अंदाजानंच दाबला.

आमचं भांड्यांचं दुकान जुन्नरच्या बाजारपेठेत आहे. पुढं दुकान, मागं घर, आणि घरामागं एक परस. परसात नळ, शेवग्याचं झाड आणि पावसाळ्यात होईल तेवढा चिखल. बदकं रात्री माळ्याखाली झोपली. सकाळी बाई ओट्यावर चहा घेत बसली आणि मी मोठ्या ऐटीत त्यांना परसात सोडलं. रात्री पाऊस झाला होता. बदकं ओळीनं चिखलात उतरली, मान लांब केली, चोची खुपसल्या, आणि पुढच्याच क्षणी एकानं जमिनीतून शेवई ओढावी तसं एक गांडूळ ओढून काढलं. ते वळवळत होतं. बदकानं मान वर केली आणि ते गेलं.

बाईचा कप अर्ध्यावर थांबला. तोवर बाकीच्या सहांनीही कामाला सुरुवात केली होती. एकानं बोराएवढी गोगलगाय शंखासकट गिळली आणि ती गळ्यातून खाली जाताना आम्हाला बाहेरून दिसली.

"बाई, भूक लागली असेल त्यांना," मी म्हणालो. माणूस गोंधळला की काहीही बोलतो.

बाईनं कप खाली ठेवला. "मी सात जीव सोडवले," ती म्हणाली, "आणि हजारांच्या जिवावर सोडले." मग शांतपणे म्हणाली, "आजपासून चहा बंद."

हे नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. आमच्यात एखादी वस्तू सोडण्याचं पच्चक्खाण घेतात, म्हणजे नेमच म्हणा. बाईनं पच्चक्खाण असं घेतलं, की ज्या दिवशी तिच्या डोळ्यांदेखत या बदकांनी जीव खाल्ला, त्या दिवशी तिच्या ताटातला एक पदार्थ चौमासा संपेपर्यंत बंद. चौमासा म्हणजे पावसाळ्याचे चार महिने, आणि तो तर नुकता कुठं लागत होता. कांदा-बटाटा तिनं जन्मात खाल्लेला नाही आणि चौमाशात पालेभाजीही नसते. तिच्या ताटात उरलेले पदार्थ राखीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, बोटांवर मोजले. पंधरा भरले. पापड धरून.

दुसऱ्या दिवशी साखर गेली, तिसऱ्या दिवशी तूप. चौथ्या दिवशी मी म्हणालो, "बाई, तू सकाळी ओट्यावर बसूच नकोस ना. आत बस." त्यावर ती म्हणाली, "पाप माझं आणि बघायचं तेवढं दुसऱ्यानं?" त्या दिवशी दही गेलं.

म्हणजे परिस्थिती अशी होती, की बदकं खात होती आणि माझी आई उपाशी मरत होती.

मी कामाला लागलो. पहिला विचार सरळ होता. पोट भरलेलं असलं की कुणी वेडंवाकडं खात नाही. मी बदकांना भिजवलेली ज्वारी घातली, वाटाणे घातले, काकडीच्या चकत्या घातल्या. राखीनं मुगाची खिचडी केली, त्यांनी तिचं पातेलंसुद्धा घासूनपुसून स्वच्छ केलं. आम्हाला धन्य वाटलं. नंतर सातही जणं परसात गेली आणि जेवणानंतर माणसं जशी बडीशेप खातात तशी गांडुळं खाल्ली. बाईचा पापड गेला.

मग मी त्यांना गच्चीवर हलवलं. गच्चीला फरशी आहे, फरशीत गांडूळ नाही. प्लास्टिकचा टब ठेवला, आणि नऊ दिवस बाईच्या ताटातलं काही कमी झालं नाही. पण दहाव्या दिवशी बदकं एका कोपऱ्यात माना आत घालून बसली. ज्वारीकडे बघेनात. बाई दोनदा जिना चढून वर गेली आणि खाली येऊन म्हणाली, "हॉटेलवाला तरी एकदाच मारणार होता."

एक पाटी बघून गाडी थांबवली त्या दिवसापासून मला या घरात कुणी शहाणं म्हटलेलं नव्हतं. आता खाटकाच्याही खालची जागा मिळाली.

बदकं टोपलीत घालून मी जनावरांच्या दवाखान्यात गेलो. तिथं कागद भरावा लागतो. नाव, गाव, पशूचा प्रकार इथवर ठीक होतं. पुढं होतं, पाळण्याचा उद्देश. त्याखाली तीन चौकोन होते. अंडी, मांस, पैदास. मी कागद लिहिणाऱ्याला म्हणालो, "यातलं काहीच नाही. अभयदान." त्यानं पेन उचललं, माझ्याकडे बघितलं, टोपलीकडे बघितलं आणि विचारलं, "म्हंजे शोभेची का?" मी म्हणालो शोभेचीही नाहीत. शेवटी त्यानं तिन्ही चौकोनांच्या बाहेर समासात 'इतर' असं लिहिलं. पुढं बराच वेळ त्या शब्दाकडे बघत बसलो, कारण मला वाटलं हे माझंच वर्णन आहे.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी सातही बदकं तपासली आणि म्हणाले, "आजार काही नाही. यांना चिखल पाहिजे. बदक दिवसभर चिखल चाळतं, तेच त्याचं जगणं. नुसतं धान्य कसं चालेल? पावसाळ्यात गांडुळं, गोगलगाई भरपूर मिळतात, खाऊ द्या." मी त्यांना आमच्या घरातली अडचण सांगितली. ते लक्षपूर्वक ऐकत होते. मग म्हणाले, "सोयाबीनची पेंड देऊन बघा. पण बाहेर सोडल्यावर गांडूळ दिसलं तर बदक काय निवडेल हे मी तुम्हाला लिहून देऊ शकत नाही."

पांजरपोळात फोन केला. तिथले गृहस्थ फार गोड बोलले. गाय घेऊ, बैल घेऊ, शेळी घेऊ, पंख तुटलेलं कबूतर घेऊ. बदक म्हटल्यावर म्हणाले, "बदकाला तळं लागतं हो, ते आमच्याकडे नाही. तुम्ही बांधून देताय का?"

तेव्हा बदकं परत परसात आली. आता एकच मार्ग उरला होता. बदकांना खाणं सोडता येत नसेल तर खाण्यालाच तिथून हलवायचं. दुसऱ्या दिवसापासून मी उजाडायच्या आत रेनकोट घालून, एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात भज्यांचा झारा घेऊन परसात उतरू लागलो. गांडूळ दिसलं की झाऱ्यानं अलगद उचलायचं आणि कुंडीत सोडायचं. गोगलगाय दिसली की बादलीत. चव्वेचाळीस वर्षांचा, बाजारपेठेत दुकान असलेला, दोन पतसंस्थांचा सभासद असलेला माणूस. मी फक्त माहितीसाठी सांगतो.

चौथ्या दिवशी कुंपणाच्या भिंतीवरून एक डोकं वर आलं. शेजारचे चांगदेवकाका. एसटीत कंट्रोलर होते, निवृत्त होऊन सात वर्षं झाली, पण येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद ठेवायची सवय गेलेली नाही.

"काय जिनेश, गांडुळं का?"

"हो काका."

"लई जाडजूड हायती. गळाला चांगली लागत्याल." ते खुशीनं म्हणाले. "मानिकडोह धरनाला जातोस व्हय? मला सांगायचंस, मी बी आलो असतो."

मी त्यांना खुलासा केला. खुलासा म्हणजे अभयदान, पच्चक्खाण, बाई, गोगलगाय, सोयाबीनची पेंड, सगळं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि डोळा मिचकावून म्हणाले, "आपल्याला काय करायचंय राव? मी कुणाला बोलत न्हाई."

ते कुणालाच बोलले नाहीत, त्यामुळे आठवडाभरात सगळ्या जुन्नरला कळलं. आमच्या समाजाचे अध्यक्ष दुकानात आले. एक चमचा उलटसुलट करून बघितला, त्याची किंमत विचारली आणि चमच्याकडेच बघत म्हणाले, "जिनेश, गळ टाकतोस म्हणे?" मी म्हणालो, हे साफ खोटं आहे, मी तर गांडुळं वाचवतोय. पुरावा म्हणून मी आतून बादली आणून त्यांच्यापुढं ठेवली. तेव्हा त्या बादलीत फक्त गोगलगाई असायला हव्या होत्या. पण त्या सकाळी कुंड्या भरल्या होत्या म्हणून पाच-पन्नास गांडुळंही तिच्यातच होती. अध्यक्षांनी आत वाकून बघितलं. चमचा जागेवर ठेवला आणि निघून गेले.

याच सुमारास सातातलं एक बदक दिसेनासं झालं. दोन दिवस शोधलं. तिसऱ्या दिवशी आमच्या जुन्या गिऱ्हाइकांतला गोरख दुकानात आला. गोरख घोडेगावच्या बाजूचा शेतकरी, गळ्यात तुळशीची माळ, बोलणं सरळ. दिवाळीनंतर त्याच्या मुलीचं, हर्षालीचं लग्न. रुखवतासाठी त्यानं मोठं पितळी घंगाळ पसंत करून ठेवलेलं होतं. ते न्यायला तो मागच्या खोलीत गेला आणि तिथूनच ओरडला, "शेठ, ह्यात कोण बसलंय?"

घंगाळात बदक बसलं होतं. त्यानं आमच्याकडे असं बघितलं की आम्ही दोघं एकेक पाऊल मागं सरलो. गोरखनं माळेला हात लावला, बदकाच्या पोटाखाली हळूच बघितलं आणि म्हणाला, "नऊ."

नऊ काय, ते मी विचारलं नाही. तो शब्द आमच्या घरात उच्चारत नाहीत. राखी बाईला सांगताना 'त्या वस्तू' म्हणाली. बाई आत आली आणि घंगाळापुढं उभी राहिली. मग म्हणाली, "नऊ जीव आहेत. घंगाळ हलवायचं नाही."

"मावशी, त्ये माझं घंगाळ हाय," गोरख म्हणाला.

"तुझंच आहे. महिन्यानं ने."

त्या बदकाचा बाईला फार मोठा आधार झाला. बसलेलं बदक दिवसातून एकदा दहा मिनिटं उठायचं, राखीनं ठेवलेली ज्वारी खायचं, पाणी प्यायचं आणि परत जाऊन बसायचं. "बघ," बाई मला म्हणाली, "हिची तपश्चर्या चालू आहे." तिनं आपली बैठक त्याच खोलीत आणली. रोज सकाळी ती सामायिक करते, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं एका जागी बसून ध्यान. वेळ मोजायला तिच्याकडे वाळूचं घड्याळ आहे. वरची वाळू खाली येईपर्यंत उठायचं नाही, संसाराचं बोलायचं नाही. लहानपणी खेळायला जायची घाई म्हणून मी एकदा ते घड्याळ मध्येच उलटं केलं होतं. तेव्हा तिनं मला जो धपाटा घातला होता, तो माझ्या पाठीला अजून आठवतो. आता घंगाळात एक आणि घंगाळाबाहेर एक अशा दोघी समोरासमोर बसू लागल्या. दोघीही जेवत नव्हत्या.

कारण परसातली सहा जणं थांबली नव्हती. मी कितीही पहाटे उतरलो तरी एखादं गांडूळ मागं राहायचंच, आणि बाईच्या डोळ्यांसमोरच ते निघायचं. दूध गेलं, वरण गेलं, गव्हाची पोळी गेली. श्रावण लागला तेव्हा ताटात चार पदार्थ उरले होते. भात, ज्वारीची भाकरी, काकडी आणि मूग. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. संध्याकाळी तिचे पाय चेपताना राखी एकदा रडली. मी रडलो नाही, परसात जाऊन बदकांवर ओरडलो. त्यांनी माना वाकड्या करून एकेका डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं आणि परत चोची चिखलात खुपसल्या.

गोरख घंगाळाची चौकशी करायला दर आठवड्याला यायचा. त्याच्या सोयाबीनवर यंदा गोगलगाई पडल्या होत्या, कोवळे कोंब रात्रीत साफ. तो बाईला म्हणाला, "मावशी, ती सहा बदकं मला द्या. मी माळकरी हाय, कापायचो न्हाई. माझ्या रानात पानी हाय, चिखल हाय. तितं ती काय खातील त्ये तुमाला दिसनार बी न्हाई."

"दिसलं नाही म्हणजे झालं नाही, असं असतं का रे?" बाई म्हणाली. "डोळे मिटले की पाप मिटतं होय?"

गोरख विचारात पडला. मीही पडलो. खाऊ घातलं तर खाणाऱ्याच्या पापात वाटा, न घातलं तर सोडवलेल्याला मारल्याचं पाप, दिलं तर दुसऱ्याकडून करवल्याचं पाप. यात बदकाचं पाप कुठं बसतं हे मला समजेना. बदकाला विचारावं तर त्याचं तोंड भरलेलं.

इकडे बादली भरत चालली होती. दीडशेच्या वर गोगलगाई झाल्या होत्या. चांगदेवकाकांनी त्यांच्या गुलाबाजवळ त्या सोडायला सक्त मनाई केली. गोरख म्हणाला, त्याच्या रानाच्या दिशेनं बादली वळली तरी तो कोयता काढेल. तेव्हा राखीला सुचलं. "आहुप्याला देवराई आहे ना? तिथं देवाच्या भीतीनं कुणी वाळकी काडीसुद्धा मोडत नाही. तिथं सोडा. जन्मभर सुरक्षित राहतील."

मला तो विचार पटला. बाईलाही पटला. बऱ्याच दिवसांनी तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. दुकान बंद असतं त्या दिवशी मी बादलीवर झाकण बांधलं, त्याला भोकं पाडली, आणि घोडेगाव, डिंभे करत आहुप्याचा घाट चढलो. धुकं असं होतं की गाडीचं बॉनेट अंदाजानंच ओळखायचं. देवराईच्या कडेला एक म्हातारा गुरांजवळ प्लास्टिकची खोळ पांघरून उभा होता. त्याचं नाव भिका. मी बादली उतरवताना तो जवळ आला.

"काय हाय पावणं?"

मी सांगितलं. झाकण काढून दाखवलं. त्यानं आत बघितलं.

"आमच्या देवाच्या रानातनं पान बी बाहेर न्यायचं न्हाई, आसा नेम हाय," तो सावकाश म्हणाला.

"मी काही नेत नाही बाबा. उलट आणून सोडतोय."

"त्येच म्हंतो. आनायचा नेम कुनी केलाच न्हाई. आजवर गोगलगायी घिऊन कुनी आलंच न्हाई." त्यानं वाकून एक गोगलगाय उचलून बघितली. "ह्या बाजाराकडच्या हायती. आमच्याकडं आसल्या न्हाईत. ह्यांनी हितली पानं खाल्ली तर? देवाचं पान खाल्ल्याचं पाप कुनाला लागंल, गोगलगायीला का तुमाला?"

म्हणजे तिथंही तेच. सव्वाशे किलोमीटरच्या फेऱ्यात निम्म्यावर मला आणखी एक नवं पाप सापडलं. भिकानं मला त्याच्या घरी नेऊन कोरा चहा पाजला, गाडीपर्यंत सोडायला आला, बादली स्वतः उचलून आत ठेवली आणि म्हणाला, "तुमच्या आईला म्हनावं, दोन घास खा. लई इचार करू नगा."

घरी पोचलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते. मी बादली परसात ठेवली, फाटक लावायला वळलो आणि तेवढ्यात फोन वाजला. चांगदेवकाका होते. मासे मिळाले का विचारत होते. मी त्यांना दोन मिनिटं सुनावलं. वळून बघतो तर बादली आडवी होती आणि सहा बदकं तिच्याभोवती पंगतीला बसावं तशी बसली होती. आहुप्याचं धुकं खाऊन आलेल्या, डिंभ्याचं धरण बघून आलेल्या त्या दीडशे गोगलगाई पाच मिनिटांत संपल्या. मी हातवारे केले, ओरडलो, एका बदकाची चोच धरली. त्या वेळात दुसऱ्यांनी त्याचा वाटा खाल्ला.

वर पाहिलं. बाई खिडकीत उभी होती.

ती रागावली नाही, हेच वाईट झालं. एका दिवसाला एक असा नेम होता. पण त्या संध्याकाळी तिनं भात, भाकरी आणि काकडी तिन्ही सोडली. ताटात मूठभर उकडलेले मूग उरले. "आता मूग सुटले की झालं," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघून हसली. मला तिच्या हसण्याची भीती वाटली. मूग सुटले आणि तरी बदकांनी खाल्लं, तर पुढं पाणीच होतं. आणि चौमाशाचे अडीच महिने राहिले होते. मी कसलाही विनोद न करता सांगतो, त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी आणि राखीनं परसाला पहारा लावला. ती सहा बदकं आम्ही माळ्याखाली कोंडली. बाई खोलीत असली की सोडायची, बाई ओट्यावर आली की कोंडायची. हे बाईला कळत होतं. पण तिला त्यावर बोलायची ताकद राहिली नव्हती. बहुतेक वेळ ती घंगाळासमोरच बसून असायची.

पर्युषणाच्या, म्हणजे आमच्या आठ दिवसांच्या पर्वातले पहिले सहा दिवस तसेच गेले. संवत्सरीच्या, म्हणजे शेवटच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी घंगाळातून बारीक आवाज यायला लागले. बाईनं आम्हाला हाक मारली. नऊपैकी सात वस्तूंचे जीव झाले होते. पिवळी, ओली, डुगडुगणारी पिल्लं. त्यातल्या एकानं बाईच्या पदरात मान टाकली आणि तिथंच झोपून गेलं. बाई दोन तास तशीच बसून राहिली, पदर हलू नये म्हणून.

संवत्सरी हा आमचा क्षमेचा दिवस. सगळ्या जिवांची क्षमा मागायची, मिच्छामि दुक्कडम् म्हणायचं. बाईचा त्या दिवशी उपास होता. सकाळी तिनं हट्टानं बैठक ओट्यावर नेली, घड्याळ ठेवलं आणि सामायिकाला बसली. सहा बदकं कोंडलेली होती, म्हणून मला काळजी नव्हती. सामायिक संपत आली तेव्हा गोरख आला. घंगाळ न्यायचं होतं. मागच्या खोलीत जाऊन त्यानं ते जरा कलतं केलं आणि काही कळायच्या आत आई बदक खाली उतरलं. तिच्यामागं ओळीनं सात पिल्लं. ती ओळ दारातून निघाली, ओट्याच्या कडेनं गेली आणि बाईच्या बरोबर समोर, तीन हातांवर, परसाच्या चिखलात उतरली.

मी ओट्याच्या पायरीवर होतो. राखी दारात होती. गोरखच्या हातात घंगाळ होतं. भिंतीवर चांगदेवकाकांचं डोकं होतं. कुणी काही करू शकलं नाही. सगळ्यांत पुढचं पिल्लू थांबलं. कालच्या सकाळपर्यंत ते जगात नव्हतं. त्याला कुणी काही शिकवलेलं नव्हतं. त्यानं मान वाकडी केली, चिखलात चोच घातली आणि आपल्या अंगाच्या दुप्पट लांब गांडूळ ओढायला लागलं. ओढता ओढता ते मागं पडलं, उठलं आणि परत ओढायला लागलं.

मी बाईकडे बघितलं.

बाईचे डोळे मिटलेले होते. घट्ट मिटलेले, लहान मुलं इंजेक्शनाच्या वेळी मिटतात तसे. मी घड्याळाकडे बघितलं. वरच्या भांड्यात वाळूचा एक कण नव्हता. सगळी वाळू केव्हाच खाली आलेली होती.

"बाई," मी हळूच म्हणालो.

"सामायिकात आहे मी," बाई डोळे न उघडता म्हणाली. "मला काही दिसत नाहीये."

पिल्लानं शेवटी गांडूळ गिळलं आणि दमून चिखलात बसलं. गोरखनं काही बोलायला तोंड उघडलं होतं, ते त्यानं मिटलं. मी पुढं झालो आणि आवाज न करता वाळूचं घड्याळ उलटं करून ठेवलं. या वेळी पाठीत धपाटा बसला नाही.